उत्तरा वर्तकांची मोजणी

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाचा गणपती असला की आरती चालू असतानाच केटररला जेवणाचा शेवटचा आकडा कळवावा लागे. तो आकडा सांगायचं काम उत्तराबाई वर्तकांकडे असे. त्या हॉलच्या दाराशी उभ्या राहायच्या, टाळ्या वाजवतच एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवायच्या आणि आकडा सांगायच्या. तेवढीच ताटं लागायची. एका वर्षी नव्या सेक्रेटरीने अतिहुशारी केली, लोकांनी ईमेलवर दिलेल्या होकारांच्या भरवशावर जेवण मागवलं आणि शेवटच्या दोन रांगांना नुसत्या मसालेभातावर घरी जावं लागलं. त्यानंतर उत्तराबाईंशी कुणी वाद घातला नाही.

मोजणं हा त्यांचा पेशाच होता. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेली ही बाई लग्न होऊन अमेरिकेत आली, इथल्या परीक्षा पहिल्यापासून पुन्हा दिल्या आणि ट्रेंटनजवळच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून निवृत्त होईपर्यंत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. रक्ताच्या थेंबात कुठल्या पेशी किती, हे त्या एकेका पेशीला हातातला क्लिकर दाबत मोजायच्या. पुढे मशीन आलं. मशीनचा आकडा विचित्र वाटला की त्या स्लाइड मागवून स्वतः मोजायच्या आणि म्हणायच्या, मशीन दमत नाही हे खरं, पण त्याला शंकाही येत नाही. लॅबमधल्या मुली त्यांना टरकून असत. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. चुकीचं उत्तर चालेल, पण अंदाजाने दिलेलं उत्तर खरं म्हणून पुढे केलं तर त्या माणसाची त्या दिवशी धडगत नसे.

त्यांचे यजमान हेमचंद्र हे पुलांचे इंजिनियर. राज्याच्या नोकरीत आयुष्यभर पुलांच्या खाली उभं राहून भेगा शोधल्या. माणूस मवाळ, बोलणं कमी, घरातले सगळे निर्णय बायकोवर सोडून मोकळा झालेला. मुलगा अमेय दूर दक्षिणेत अल्फारेटाला, त्याच्या नोकरीत आणि संसारात. असं हे निवृत्त जोडपं बागेत टोमॅटो लावून आणि मंडळाची नाटकं बघून म्हातारं झालं असतं, पण मध्ये अनया आली.

अनया ही मंडळातल्या नंदा सबनीसांची मुलगी, इथेच जन्मलेली. बाकीच्यांची मुलं डॉक्टर नाही तर सॉफ्टवेअरमध्ये, आणि ही पक्षी मोजते, याचं नंदाबाईंना सुरुवातीला फार वाईट वाटे. लोकांना सांगताना त्या नुसतं ‘रिसर्च’ म्हणत आणि विषय बदलत. अनयाचा विषय होता लांबशेपटी बदक. हे बदक उत्तरेकडचं, थेट आर्क्टिकच्या बाजूचं. उन्हाळ्यात तिकडे बर्फ वितळलेल्या तळ्यांकाठी अंडी घालतं आणि हिवाळा काढायला न्यू जर्सीच्या समुद्रात येतं. कबुतराहून जरा मोठं, पांढरं-तपकिरी अंग आणि नराला सुईसारखी लांब शेपटी. ते कुठे किती आहे, वाढतंय की घटतंय, हे शोधायला तिला किनाऱ्यावर ठिकठिकाणी मोजणारी माणसं हवी होती. दिवाळीच्या कार्यक्रमात तिने चकलीच्या स्टॉलशेजारी एक टेबल मांडलं होतं. त्या टेबलाकडे कुणी फिरकेना. उत्तराबाईंना तिची दया आली, म्हणून त्या गेल्या आणि पद्धत विचारली. पद्धत ऐकली आणि तिथेच नाव देऊन आल्या, नवऱ्याचंसुद्धा.

पद्धत अशी होती. एका जागी दोन माणसं उभी राहणार. दोघांनी एकाच वेळी, एकाच पाण्यातली बदकं मोजायची, पण एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांचं बघायचं नाही. वेळ संपली की आपापल्या कार्डावर आकडा लिहायचा आणि दोन्ही कार्डं पाकिटात घालून अनयाला पाठवायची. एकट्या माणसाकडून काही पक्षी सुटतातच. हे बदक तर सारखं बुडी मारणारं, अर्धा वेळ पाण्याखाली. दोघांच्या आकड्यांत जो फरक पडतो, त्यावरून दोघांकडूनही किती सुटले असतील याचं गणित मांडता येतं. उत्तराबाई खूश झाल्या. लॅबमध्ये त्या हेच करायच्या, एक स्लाइड दोन जणींकडून मोजून घ्यायच्या.

मग दर हिवाळ्यात, महिन्यातून एका शनिवारी, दोघं बार्नेगटच्या दीपगृहापाशी जाऊ लागले. खाडीच्या तोंडाशी समुद्रात शिरलेला दगडांचा बांध आहे, त्यावर जाऊन उभे राहत. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. हेमचंद्र दहा-दहाचे घोळके धरून भराभर मोजायचे आणि लवकर मोकळे व्हायचे. उत्तराबाई एकेक बदक मोजत, लॅबमधला जुना क्लिकर हातमोज्यातल्या हातात धरून. टिक, टिक. वेळ संपल्याची घंटी फोनवर वाजली की कार्डं लिहायची आणि गाडीत बसून थर्मासमधला चहा पिता पिता एकमेकांचे आकडे विचारायचे. कधी यांचा जास्त, कधी त्यांचा. स्वतःचा जास्त आला की उत्तराबाई घरी येईपर्यंत खुशीत असत आणि हेमचंद्रांच्या घाऊक मोजणीची टिंगल करत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघांना मिळून करायला असं काही सापडेल, हे हेमचंद्रांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. त्यांना बदकांचं फारसं काही नव्हतं. त्यांना तो गाडीतला चहा आवडायचा.

तीन हिवाळ्यांपूर्वी एका शनिवारी आपलं मोजून झाल्यावर हेमचंद्र नुसते उभे होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की शेजारची टिकटिक थांबली आहे. समोरून मोठा थवा भरतीबरोबर आत वाहत चालला होता. उत्तराबाईंची दुर्बीण मात्र एकाच जागी रोखलेली. एका नराने बुडी मारली होती आणि त्या तो वर येण्याची वाट बघत होत्या. तो वर आला, तशी त्यांनी एक टिक केली. त्याने पुन्हा बुडी मारली, त्या पुन्हा थांबल्या. बाकीचा थवा निघून गेला.

गाडीत उत्तराबाईंनी आपला आकडा सांगितला आणि विचारलं, तुमचे किती? हेमचंद्रांच्या कार्डावर जवळजवळ दुप्पट आकडा होता. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. गेल्या काही महिन्यांत घरात काय काय चाललं होतं ते त्यांना आठवलं. ओळखीच्या रस्त्यावर चुकलेलं वळण, नंदाबाईंना एकाच दुपारी दोनदा केलेला तोच फोन, आणि गणपतीत दाराशी उभं राहून डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडून फिरलेली नजर. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “तेवढेच. दोन-चार जास्त असतील.”

“कमी झालीत हो यंदा,” उत्तराबाई म्हणाल्या.

मग तोंडाने बोललेलं कार्डावर आणणं भाग होतं. पाकीट बंद करण्याच्या निमित्ताने हेमचंद्र गाडीच्या मागे गेले आणि डिकीच्या आडोशाने कोऱ्या कार्डावर दुसरा आकडा लिहिला. ज्या माणसाने एका पुलाच्या भेगेवरून वरिष्ठांशी भांडून अख्खा रस्ता बंद ठेवला होता, त्याच माणसाने हे केलं. पुलावरून गाड्या जातात, माणसं जातात. इथे काय, बदकंच तर होती. असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि त्या दिवशी ते त्यांना पटलंसुद्धा.

एकदा खोटं लिहिलं की पुढचं आपोआप ठरतं. त्यांना माहीत होतं, दोघांच्या आकड्यांत फार फरक पडू लागला की अनया चौकशी करणार, कोण कमी पडतं ते शोधणार, आणि त्या माणसाला प्रेमाने बाजूला करणार. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या मोजणीतल्या चुका काढल्या, तिला ती कालची पोर ‘काकू, तुम्ही आता रेस्ट घ्या’ म्हणणार. ते हेमचंद्रांना सोसवणार नव्हतं. मग त्यांनी सोपी युक्ती काढली. आपलं मोजून झालं की दुर्बिणीला डोळा तसाच लावून ठेवायचा आणि शेजारची टिकटिक मोजायची. तिच्यात दोन-चार मिळवून लिहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. असे तीन हिवाळे गेले.

टिकटिक दर वर्षी कमी होत गेली, आणि उत्तराबाईंचा जीव बदकांत जास्त जास्त अडकत गेला. आर्क्टिकचं बर्फ, गरम होणारा समुद्र, मासेमारीची जाळी, जे मिळेल ते त्या वाचायच्या. मंडळाच्या कार्यक्रमात हातात ताट घेतलेल्या माणसाला थांबवून सांगायच्या की आपल्या किनाऱ्यावरचं एक बदक संपत चाललंय. लोक हो हो म्हणत आणि श्रीखंडाच्या रांगेत सटकत. अमेयला फोनवर त्याच्या मुलीच्या शाळेचं विचारायचं राहून जायचं आणि बदकांचंच चालायचं. आईचं हे काय चाललंय, तिला एकदा डॉक्टरकडे न्या ना बाबा, असं अमेय म्हणाला, तेव्हा हेमचंद्रांनी विषय उडवून लावला. डॉक्टरला डॉक्टरकडे कोण नेणार, असं काहीतरी बोलले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत परत येताना उत्तराबाई गाडीत रडल्या. आईच्या वेळी नागपूरला वेळेवर पोचता आलं नव्हतं, तेव्हाही हेमचंद्रांनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. रस्त्याकडेच्या एका डायनरच्या पार्किंगमध्ये त्यांना गाडी थांबवावी लागली. उत्तराबाई म्हणाल्या, हजारो मैलांवरून येतात बिचारी, आणि आपण नुसते मोजत बसतो, एवढे, एवढे, एवढे, आणि एक दिवस शून्य लिहून घरी येऊ. हेमचंद्रांनी रुमाल दिला. त्यांच्या जिभेवर आलं होतं, की बदकं आहेत, पुष्कळ आहेत. पण ते सांगायचं तर त्यापुढचंही सांगावं लागलं असतं. त्यांनी मनाशी हिशेब केला की ती बदकांसाठी रडते आहे तेच बरं, स्वतःसाठी रडण्यापेक्षा. गाडी सुरू केली आणि घरी आले.

यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी अनया घरी आली. तिळाच्या वड्या घेऊन आली होती, आईने पाठवलेल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने लॅपटॉप उघडला आणि एकदम उत्साहाने सांगायला लागली. तिच्या सगळ्या जागांवर बदकं स्थिर आहेत, वर उत्तरेला सँडी हूकला तशीच, खाली दक्षिणेलाही तशीच. फक्त काका-काकूंच्या जागी निम्म्याहून कमी झाली. तिला वाटत होतं की खाडीच्या तोंडाशी गाळ काढायचं काम चालतं, त्यानेच काहीतरी बिघडलं असणार. ती रिपोर्टमध्ये तसं लिहिणार होती, ते काम हिवाळ्यात थांबवायला सांगणार होती. हेमचंद्रांचा हात चहाच्या कपावर तसाच राहिला.

“अँड दि बेस्ट पार्ट इज,” अनया म्हणाली, “कुणी म्हणू शकणार नाही की काउंट चुकला. काकू, यू गाइज आर माय बेस्ट पेअर. दोघांचे नंबर्स ऑलमोस्ट सेम असतात, एव्हरी टाइम.”

उत्तराबाई वड्या डब्यात भरत होत्या. हात थांबवून त्यांनी विचारलं, ऑलमोस्ट म्हणजे किती?

दोन-चारचा फरक, अनया म्हणाली.

“जास्त कुणाचे?”

“काकांचे.”

“नेहमी काकांचेच?”

अनयाने स्क्रीनकडे पाहिलं, वर-खाली केलं. “हं. ऑलवेज काका. तीन वर्षं. फनी, नाही?”

उत्तराबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग तिला शांतपणे सांगितलं की रिपोर्ट या महिन्यात पाठवू नकोस, आमची एक मोजणी अजून व्हायची आहे. आणि तिला आणखी चहा विचारला. अनया गेल्यावर त्यांनी कप विसळले, ओटा पुसला, आणि मग नवऱ्यासमोर येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी स्वच्छ होतं. असे दिवस अजून यायचे.

“दोन माणसं प्रामाणिकपणे मोजतात तेव्हा असं होत नाही,” त्या म्हणाल्या. “कधी इकडे, कधी तिकडे. लॅबमध्ये एका मुलीचे आकडे माझ्याशी असेच जुळायला लागले होते. ती माझे बघून लिहायची. मी तिला त्याच दिवशी काढलं.”

हेमचंद्र टेबलावर सांडलेले तीळ बोटाने गोळा करू लागले.

“माझे कमी येतात?”

त्यांनी मानेनेच हो म्हटलं.

“किती?”

ते सांगेनात. सांगता येण्यासारखंही नव्हतं, कारण खरे आकडे त्यांनी कुठे ठेवलेच नव्हते. त्यांनी एवढंच म्हटलं की तुला वाईट वाटू नये म्हणून केलं.

उत्तराबाई मग जे बोलल्या ते हेमचंद्रांना पुढे रोज आठवत राहिलं. त्या म्हणाल्या, “मला शंका येत होती हो. आपलं काहीतरी बिनसतंय असं दोन-तीन वर्षांपासून वाटत होतं. पण दर वेळी गाडीत तुमचा आकडा विचारायचे आणि तो माझ्याइतकाच निघायचा. म्हटलं, डोकं शाबूत आहे. बदकंच कमी झालीत. माझ्या स्लाइडची दुसरी मोजणी तुम्ही होतात. तुमच्या भरवशावर मी डॉक्टरकडे गेले नाही.”

हेमचंद्रांनी ही बाजू कधी बघितलीच नव्हती. ते समजत होते की आपण बायकोची लाज राखतोय, आणि तिकडे तिचा एकुलता एक आरसा त्यांनी काळा करून ठेवला होता. तीन वर्षं. तेव्हाच गेलो असतो तर काही औषध, काही उपाय, निदान काही तयारी तरी. त्यांना रडू आलं आणि ते बायकोसमोर रडले. उत्तराबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. उठल्या, आणि शनिवारचं हवामान बघायला फोन हातात घेतला.

शनिवार उजाडेपर्यंत त्यांच्यात कामापुरतंच बोलणं झालं. उत्तराबाईंच्या अटी दोन होत्या. हेमचंद्रांनी बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं, जिथे टिकटिक ऐकू येणार नाही. आणि खरं लिहायचं. मला माझी चूक किती ते कळलंच पाहिजे, त्या म्हणाल्या, चूक किती ते न कळता मोजणारा माणूस काही कामाचा नाही. वाटेत सगळीकडे जुना बर्फ रस्त्याकडेला काळा पडून साचला होता. उत्तराबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, आपण कुठे चाललोय? हेमचंद्रांनी सांगितलं. हो हो, माहीत आहे, त्या म्हणाल्या.

बांधावर ऊन होतं, वाराही मानाने कमी. हेमचंद्रांनी बायकोच्या दुर्बिणीची तिपाई लावून दिली, दुर्बीण तिच्या उंचीला आणली, आणि दगडांना धरत धरत लांब जाऊन उभे राहिले. फोनवर वेळ लावली. पाण्यावर बदकं होती. खाडीच्या तोंडापासून बाहेर समुद्रापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरलेली, बुडणारी, वर येणारी, आणि सगळ्यांचा तो गलका चाललेला, लांबून शाळा सुटल्यासारखा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोसारखं मोजलं, एकेक करून. मोजून झाल्यावर सवयीने कान शेजारी गेला, पण शेजारी फक्त लाटा होत्या. लांबवर उत्तराबाई दुर्बिणीला डोळा लावून वाकलेल्या दिसत होत्या. जराही हलत नव्हत्या.

घंटी वाजली. कार्ड काढलं आणि पेन टेकवून हेमचंद्र थांबले. आत्ताही जमलं असतं. निदान थोडे कमी लिहिले असते, तीस-चाळीस. तेवढ्याने काय बिघडणार होतं, बाईचा धक्का तरी हलका झाला असता. हात तिकडे वळतही होता. मग त्यांना रविवारचं ते वाक्य ऐकू आलं, तुमच्या भरवशावर. त्यांनी खरा आकडा लिहिला, दोनशे छत्तीस, आणि खाली सही केली.

गाडीत बसल्यावर उत्तराबाईंनी हात पुढे केला. हेमचंद्रांनी कार्ड दिलं. उत्तराबाईंनी दोन्ही कार्डं मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. त्यांच्या कार्डावर, पूर्वीच्याच सुबक अक्षरात, एकोणसाठ लिहिलं होतं.

हेमचंद्र समोरच्या काचेकडे बघत बसले. त्यांना बायकोच्या तोंडाकडे बघवेना. शेवटी त्यांनी मान वळवली, तर उत्तराबाईंचं तोंड भलत्याच आनंदाने फुललेलं होतं. असा चेहरा त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

“एवढी आहेत?” उत्तराबाई म्हणाल्या.

“आहेत.”

“खरं सांगताय ना? आता तरी?”

“एकेक करून मोजली. आहेत.”

“म्हणजे गेली नाहीत.” त्यांनी काच खाली केली. गार वारा आत आला आणि त्याबरोबर पाण्यावरचा तो गलकाही. त्या ऐकत राहिल्या. हसतही होत्या आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. हेमचंद्रांनी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

“तीन वर्षं मी यांचं सुतक पाळलं हो,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही पाळू दिलंत.”

हेमचंद्रांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. उत्तराबाईंनी कार्डं पाकिटात घातली, पाकीट स्वतः चिकटवलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं. मग एकेक गोष्ट सांगितली, पूर्वी लॅबमध्ये सुट्टीवर जाताना सांगायच्या तशी. अनयाला आजच फोन करून आधीचे तीनही हिवाळे रद्द करायला सांगायचं, गाळाच्या कामाला दोष देऊ नकोस म्हणावं. खरं कारणही तिला सांगायचं, लपवायचं नाही. सोमवारी डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची. पुढच्या वर्षी बांधावर तुमच्याबरोबर दुसरं कुणीतरी चांगलं मोजणारं माणूस द्यायला सांगायचं.

एवढं बोलून त्या दमल्या. काच मात्र वर करू देईनात. थोड्या वेळाने त्यांनी नवऱ्याच्या बाहीला धरलं.

“आणि मलाही आणत जा,” त्या म्हणाल्या. “मी मोजणार नाही. नुसती बघेन. मला जर वाटायला लागलं की ती संपली, तर तुम्ही मला आकडा सांगायचा. खरा. मी कितीदा विचारलं तरी.”

हेमचंद्र हो म्हणाले. गाडी सुरू करून ते पार्किंगच्या बाहेर आले, तेवढ्यात उत्तराबाईंनी विचारलं, यंदा किती आहेत हो? त्यांनी सांगितलं, दोनशे छत्तीस. उत्तराबाईंचं तोंड पुन्हा तसंच फुललं. घरी पोचेपर्यंत त्यांनी आणखी कितीदातरी विचारलं आणि दर वेळी हेमचंद्रांनी तोच आकडा सांगितला.